कूळ न विचारणारी घरं

माद्रिद मागे पडलं, गाडी ग्वादारामाच्या डोंगरांतून पठारावर चढली, तशी झाडं विरळ होत गेली आणि दगड वाढत गेले. हत्तीएवढे, घराएवढे ग्रॅनाइटचे गोटे माळावर विखुरलेले. त्यांच्यामधून खुरटे ओक, आणि मधूनच काळ्याभोर गुरांचा एखादा कळप. ऑक्टोबर नुकताच लागला होता, ऊन लख्ख होतं, तरी स्टेशनाबाहेर पाऊल टाकताच वारा कानात शिरला. आविला हे स्पेनमधल्या प्रांतांच्या राजधान्यांत सगळ्यात उंचावरचं शहर आहे, समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्याही वर. इथला हिवाळा लांबतो आणि उन्हाळा करपवून काढतो.

मी आले होते संत तेरेसासाठी. वसई-गोव्याकडच्या ख्रिस्ती घरांत तेरेजा हे नाव आजीपासून नातीपर्यंत फिरत असतं. माझं बालपण सावंतवाडीकडे गेलं, त्यामुळे ते नाव कानावर होतंच. पुढे बर्निनीच्या शिल्पाचे फोटो पाहिले. रोममधल्या त्या संगमरवरात ती डोळे मिटून मागे कलंडली आहे आणि देवदूत तिच्या हृदयावर सोन्याचा भाला रोखून उभा आहे. भाववेडी, अंतराळी गेलेली योगिनी, असं तिचं चित्र मनात घेऊनच मी आविलाला उतरले होते. पुढच्या पाच-सहा दिवसांत ते चित्र पार बदललं.

शहराला अजून अखंड तटबंदी आहे. मध्ययुगातली, अडीच किलोमीटर लांब, ऐंशीहून जास्त बुरूज आणि नऊ दरवाजे. कॅथीड्रलची मागची गोल भिंत हाच तटाचा एक बुरूज आहे. देवघर आणि किल्ला एकाच दगडात चिणलेले. नदीपलीकडे ‘चार खांब’ नावाची जागा आहे, तिथून हे सगळं शहर एका नजरेत मावतं. सात वर्षांची तेरेसा भाऊ रोद्रीगोला घेऊन मुसलमानांच्या मुलखात धर्मासाठी मरायला निघाली होती आणि काकांनी मुलांना इथे गाठून घरी आणलं, असं सांगतात. संतांच्या बालपणीच्या गोष्टी जशा असतात तशी ही गोष्ट. मला धक्का बसला तो पुढे, शहराच्या दुसऱ्या टोकाला.

तटाबाहेर सांतो तोमास नावाचा डॉमिनिकन मठ आहे. आत राजपुत्र हुआनची संगमरवरी समाधी आहे, आणि तीन चौक, एकाहून एक शांत. स्पेनच्या धर्मन्यायालयाचा, म्हणजे इन्क्विझिशनचा, पहिला मुख्य न्यायाधीश तोर्केमादा १४९८ मध्ये याच मठात वारला आणि इथेच पुरला गेला. ज्यूंकडून जप्त केलेला पैसा या मठाच्या बांधकामात ओतला गेला. तेरेसा पुढे इथे पापनिवेदनाला येत असे.

आता तिच्या आजोबांची हकिगत. हुआन सांचेझ हे तोलेदो शहरातले कापड आणि रेशमाचे व्यापारी. घराणं मूळचं ज्यू, नंतर ख्रिस्ती झालेलं. १४८५ मध्ये त्यांच्यावर आरोप आला, की हे अजून चोरून जुना धर्म पाळतात. त्यांनी कबुली दिली आणि शिक्षा भोगली. सात शुक्रवार, अंगात ‘सांबेनितो’ नावाचा बदनामीचा झगा घालून, तोलेदोच्या चर्चेसपुढून अनवाणी मिरवणुकीत चालायचं. लोक बघताहेत, थुंकताहेत. त्यानंतर घराणं तोलेदो सोडून आविलाला आलं, व्यापार पुन्हा उभा केला आणि मुलांची लग्नं जुन्या ख्रिस्ती घराण्यांत लावून दिली. पुढे या मुलांनी, म्हणजे तेरेसाच्या वडिलांनी आणि काकांनी, आपण खानदानी आहोत आणि आपल्याला करमाफी हवी, असा दावा लावला. साक्षीदार उभे केले आणि दावा जिंकला. दावा लागला त्या वेळी तेरेसा चार-पाच वर्षांची होती. तिचा जन्म २८ मार्च १५१५ चा.

या दाव्याची कागदपत्रं १९४६ मध्ये छापून आली. तोवर जवळजवळ चारशे वर्षं तिची चरित्रं लिहिणारे तिला शुद्ध कास्तीली रक्ताची कुलीन कन्या म्हणत आले. त्या काळच्या स्पेनमध्ये सरकारी पदाला, विद्यापीठातल्या वसतिगृहाला, कित्येक मठांत प्रवेशाला ‘रक्तशुद्धी’चा दाखला लागत असे. चार पिढ्या मागे जाऊन आज्या-पणज्या तपासल्या जात. आपल्याकडच्या माणसाला हे फोड करून सांगावं लागत नाही. सांतो तोमासच्या चौकात मी बराच वेळ बसून राहिले. तिचं सगळं पुढचं आयुष्य त्या सात शुक्रवारांच्या उजेडात वाचावंसं वाटू लागलं.

उत्तरेच्या उतारावर, तटापासून हाकेच्या अंतरावर, कार्मेलाइट संघाचा एन्कार्नासिओन मठ आहे. विशीत, वडिलांच्या मनाविरुद्ध, ती इथे आली आणि पुढची सत्तावीस वर्षं इथेच राहिली. मठाच्या आसपास ज्यूंची जुनी दफनभूमी होती. २०१२ मध्ये उत्खननात तिथल्या कबरी सापडल्या आणि आता तिथे स्मृतिबाग केली आहे. मठात शिरण्याआधी मी त्या बागेत गेले. हिरवळ, दगड, आणि समोर तट. एवढंच.

मठात त्या काळी दीडशेहून जास्त जोगिणी राहत. श्रीमंताघरच्या मुलीला स्वतःच्या दोन-तीन खोल्या, स्वयंपाकघर, हाताखाली दासी. गरीब घरातल्या सगळ्या एका मोठ्या दालनात निजत. नावापुढे ‘दोन्या’, म्हणजे आपलं ‘बाईसाहेब’, लावायचा मान घराण्यावरून मिळे. बाहेरचे लोक भेटीच्या खोल्यांत गप्पा मारायला येत, आणि रूपवान, बोलकी दोन्या तेरेसा त्या खोल्यांची शान होती. तिनं स्वतःच हे लिहून ठेवलंय, खंत करत. पंचविशीच्या आत ती इतकी आजारी पडली, की चार दिवस शुद्धीवर नव्हती. तिच्यासाठी खड्डा खणून तयार होता. त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं अंग लुळं राहिलं.

मठाचं दार ओलांडलं की भिंतीत एक लाकडी पिंप दिसतं, उभं, खांबाभोवती फिरणारं. याला ‘तोर्नो’ म्हणतात. पिंपाची एक बाजू उघडी. तुम्ही त्यात काही ठेवायचं, पिंप फिरवायचं, आणि ती वस्तू पलीकडे जाते. अलीकडच्याला पलीकडची दिसत नाही, पलीकडचीला अलीकडचा. लाकूड हातांनी घासून काळं, गुळगुळीत झालंय, कडा झिजून गोल झाल्यात. स्पेनमधल्या कितीतरी बंदिस्त मठांतून आजही असा तोर्नो फिरतो आणि त्यातून जोगिणींनी केलेली बिस्किटं, मिठाई विकली जाते. त्यावरच पुष्कळ मठांची गुजराण चालते. नंतर एका गावात मी अशाच एका तोर्नोची घंटी वाजवली. पलीकडून एका म्हातारीचा बारीक आवाज आला, ‘आवे मारिया पुरीसिमा!’ मठाच्या दारातला हा रामराम. मी पैसे ठेवले, पिंप गरगरत गेलं आणि बदामाच्या बिस्किटांचा पुडा घेऊन परत आलं. तो आवाज आठवतो. चेहरा नाही.

याच मठात चाळिशीच्या सुमारास, जखमी ख्रिस्ताच्या एका लहानशा मूर्तीपुढे, तिच्यात बदल झाला. त्यानंतर दर्शनं, समाधी, तो भाल्याचा अनुभव. पण तिच्या आत्मचरित्रात मला धरून ठेवलं ते पाण्याच्या चार वाटांनी. प्रार्थना म्हणजे बागेला पाणी घालणं, असं ती सांगते. पहिली वाट विहिरीतून पोहऱ्यानं शेंदून काढायची. हात भरून येतात आणि पाणी थोडंच मिळतं. दुसरी रहाटगाडग्याची, कष्ट कमी आणि पाणी जास्त. तिसरी वाहत्या ओढ्याची. पाट फोडला की पाणी आपोआप वाफ्यात जातं. चौथी पावसाची. तिथे माळ्याला काहीच करायचं नसतं. रहाट आणि पाट ही विद्या स्पेनमध्ये अरबांनी रुजवली. ‘नोरिया’, ‘असेकिया’ हे स्पॅनिश शब्दही अरबीतूनच आले. आमच्या सावंतवाडीकडे माडा-पोफळीच्या बागा शिंपताना ज्यानं पाहिल्यात, त्याला ही चार पाण्यांची वाट समजायला कोणा पंडिताची गरज नाही. देवाबद्दल एवढं नेमकं आणि हाताला लागेल असं बोलणं मी फार थोड्या ठिकाणी वाचलंय.

२४ ऑगस्ट १५६२ ला तिनं सान होसे नावाचा छोटा मठ काढला. एन्कार्नासिओनहून तो पायी सहज गाठता येतो. घर गुपचूप दुसऱ्याच्या नावावर घेतलेलं, पैशाचा मोठा भाग भाऊ लोरेन्सोनं अमेरिकेतल्या कीतोहून पाठवलेला. नव्या जगातलं धन स्पेनच्या राजवाड्यांत गेलं, युद्धांत गेलं, आणि त्यातलं थोडंसं इथे या चार खोल्यांत आलं. पहिल्या चौघी मुली हुंड्याशिवाय घेतल्या होत्या. मठाला ठरावीक उत्पन्न नको, सूत कातून आणि मिळेल त्या दानावर राहायचं, असं तिनं ठरवलं. गावात गदारोळ उठला. नगरसभेनं बैठका घेतल्या. आधीच इतके मठ पोसतो, हे आणखी कोण पोसणार, हा त्यांचा सवाल होता, आणि तो अगदीच खोटा नव्हता. खटला कित्येक महिने चालला.

आत गेल्यावर तिनं केलेले नियम पाहावेत. आधी तेरा, नंतर एकवीस, याहून जास्त जणी नकोत. कोणाच्याही नावापुढे ‘दोन्या’ नाही. ती स्वतः ‘येशूची तेरेसा’ झाली, कुळाचं नाव टाकून. जिचं घराणं जास्त मोठं तिनं बापाचं नाव सर्वांत कमी घ्यावं, अशी तिची शिकवण. झाडलोटीच्या पाळ्या लावायच्या, तर यादी मठप्रमुख बाईपासून सुरू करायची. पायात सुताळ्याच्या वहाणा. म्हणून हे ‘अनवाणी’ कार्मेलाइट, आणि जुने ते ‘पादत्राणवाले’. दिवसातून ठरलेल्या वेळी हसायचं, गायचं, गप्पा करायच्या. तिचा डफ आणि बासरी इथल्या संग्रहात ठेवली आहे. प्रवेशासाठी रक्तशुद्धीचा दाखला तिच्या नियमांत कुठेच नाही. आजोबांचं तिला किती ठाऊक होतं, हे तिनं एका शब्दानंही लिहिलं नाही. पण ज्या समाजात प्रत्येक दारावर कूळ विचारलं जाई, तिथे कूळ न विचारणारं घर तिनं बांधलं. तिच्या सगळ्या दर्शनांपेक्षा मला हे मोठं वाटतं.

आविलाच्या उत्तरेला मोरान्याची सपाट गव्हाची राजवट सुरू होते. कापणी झालेली, पिवळी, नजर पोचेल तिथवर आडोसा नाही. या रस्त्यानं ती मेदिना देल काम्पोला गेली, १५६७ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी. झाकलेल्या बैलगाड्या, आत जोगिणी, सोबत छोटी घंटा. वाटेतही मठाचं वेळापत्रक पाळायचं.

आज मेदिना सुस्त गाव आहे. पण चौकात उभं राहिलं की त्याचा आवाका कळतो. अवाढव्य मैदान, कारण इथे युरोपातला मोठा बाजार भरे. लोकर, कापड, पुस्तकं, आणि मुख्य म्हणजे हुंड्या. फ्लांडर्स-इटलीचे सावकार इथे हिशेब मिटवत. तेरेसा पोचली मध्यरात्री. दुसऱ्या दिवशीच्या सणासाठी बैल हाकत आणले जात होते आणि या बायका त्यांच्या वाटेतून अंधारात चालल्या. घर बघतात तर पडकं. रात्रीत माती उपसली, भिंतींवर उसनी कापडं टांगली आणि पहाटे मिस्सा झाला. उजाडल्यावर दिसलं, की वेदी जवळजवळ रस्त्यावरच आहे. पुढच्या रात्री ती जागी राहून चांदण्यात खिडकीतून पहारा देत राहिली. शेवटी ब्लास दे मेदिना नावाच्या व्यापाऱ्यानं आपल्या घराचा वरचा मजला दिला. तिला पुन्हा पुन्हा उभं केलं ते अशाच व्यापाऱ्यांनी. तोलेदोतही एका व्यापारी घराण्याला मठात मान दिला म्हणून तिथल्या सरदार मंडळींनी नाक मुरडलं, पण ती हटली नाही.

मेदिनातच तिला पंचवीस वर्षांचा एक ठेंगणा संन्यासी भेटला. क्रुसाचा योहान म्हणून जग त्याला ओळखतं. स्पॅनिश भाषेतला फार मोठा कवी. बाप रेशमाच्या व्यापाऱ्यांच्या घरातला, पण गरीब विणकरणीशी लग्न केलं म्हणून घरच्यांनी टाकलेला. योहान मेदिनाच्या इस्पितळात रोग्यांची सेवा करत वाढला. १५६८ मध्ये दुरुएलो या वाडीवरच्या एका पडीक घरात पुरुषांचा पहिला अनवाणी मठ त्यानं सोबत्यांसह सुरू केला. या सुधारणेची किंमतही त्यालाच मोजावी लागली. १५७७ च्या डिसेंबरात पादत्राणवाल्यांनी त्याला आविलातून उचललं आणि तोलेदोत कोंडलं. नऊ महिन्यांनी तो खिडकीतून उतरून पळाला. आविलाच्या एन्कार्नासिओनमध्ये त्यानं काढलेलं क्रुसावरच्या ख्रिस्ताचं तळहाताएवढं रेखाचित्र आहे, वरून खाली पाहिलेलं. दालीचं प्रसिद्ध चित्र त्यावरून सुचलं.

तेरेसा तेव्हा पत्रांनी लढत होती. तिची साडेचारशेच्या आसपास पत्रं शिल्लक आहेत. पत्रं पकडली जात, म्हणून सांकेतिक नावं: ती स्वतः कधी ‘आंखेला’, कधी ‘लाउरेन्सिया’, योहान ‘सेनेका’, विरोधी संन्यासी म्हणजे ‘मांजरं’. पोपच्या वकिलानं तिला अस्वस्थ, भटकी, अवज्ञाकारी बाई ठरवलं. आणि या धामधुमीत, १५७७ मध्ये, सहा महिन्यांच्या आत तिनं ‘अंतरीचा किल्ला’ लिहून काढला, ज्यात आत्मा म्हणजे स्फटिकाचा किल्ला आणि त्यात सात महाल. त्याच पत्रव्यवहारात सेव्हिलच्या मठातून आलेल्या नारळांबद्दलही तिनं लिहिलंय. १५७६ च्या जुलैमध्ये, तोलेदोहून. ही बघण्यासारखी चीज आहे आणि उद्या फादर तो फोडणार, असं ती कौतुकानं कळवते. ज्या नारळाशिवाय आमच्याकडे जेवण होत नाही, त्याच्याभोवती जमलेल्या त्या कास्तीली जोगिणी मला तिथल्या कुठल्याही तैलचित्रापेक्षा जवळच्या वाटल्या.

सालामान्कात मी एकच दिवस थांबले. तिचं आत्मचरित्र धर्मन्यायालयानं आपल्या ताब्यात घेतलं होतं, आणि ते तिच्या हयातीत तिला परत मिळालं नाही. १५८८ मध्ये ते इथे छापलं गेलं, संपादक लुईस दे लेओन. तोही धर्मांतरित ज्यूंच्या वंशातला, आणि चार-पाच वर्षं धर्मन्यायालयाच्या कोठडीत काढून आलेला. विद्यापीठाच्या चौकात त्याचा पुतळा आहे.

तिथून तोर्मेस नदीच्या काठानं आल्बा दे तोर्मेस फार लांब नाही. पूल, ड्यूकच्या किल्ल्याचा उरलेला एक बुरूज, कुंभारांची दुकानं. १५८२ च्या सप्टेंबरात सदुसष्ट वर्षांची, रक्तस्रावानं खंगलेली तेरेसा बुर्गोसहून आविलाला परतत होती. बुर्गोस हा तिचा सतरावा मठ. वरिष्ठांचा हुकूम आला, आधी आल्बाला जा, सरदारांच्या सुनेचं बाळंतपण आहे, तुम्ही जवळ असावं. वाटेत पेन्यारांदाजवळ तिला घेरी आली. सोबतच्या आना नावाच्या जोगिणीनं अंड्यासाठी गाव पालथं घातलं. मिळाली थोडी अंजिरं. आणि आल्बाला पोचेपर्यंत बाळ जन्मलंही होतं. ४ ऑक्टोबरच्या रात्री आनाच्या हातांवर तिनं प्राण सोडला. त्याच रात्री पोप ग्रेगरीचं नवं पंचांग लागू झालं, त्यामुळे दुसरा दिवस उजाडला तो १५ ऑक्टोबर. म्हणून तिचा सण त्या तारखेला.

मृत्यूनंतर जे झालं ते पाहवत नाही. देह उकरला, आविलाला नेला, परत आल्बाला आणला, आणि दरवेळी कोणीतरी काहीतरी कापून घेतलं. हृदय आणि डावा हात इथे काचेच्या पेटीत, उजवं पाऊल रोमला. एक पंजा फ्रँकोनं स्वतःजवळ बाळगला, १९७५ मध्ये मरेपर्यंत. ज्या बाईनं कुळाचा गर्व मोडला, तिचा हात ‘शुद्ध’ स्पेनच्या हुकूमशहाच्या खोलीत असावा, हा मला तिच्यावर झालेला अन्याय वाटतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये दहा किल्ल्या लावून समाधी उघडली गेली आणि मे २०२५ मध्ये दोन आठवडे देह दर्शनासाठी ठेवला होता. मी पोचले तेव्हा पुन्हा सगळं बंद होतं. चर्चमध्ये तीन म्हाताऱ्या जपमाळ ओढत होत्या, आणि जाळीमागून जोगिणींची प्रार्थना ऐकू येत होती.

१२ मार्च १६२२ रोजी तिला संतपद मिळालं, आणि त्याच दिवशी, त्याच सोहळ्यात, जुन्या गोव्यात ज्याचा देह आहे त्या फ्रान्सिस झेवियरलाही. तिचे अनवाणी संन्यासी सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातच गोव्यात पोचले होते. जुन्या गोव्याच्या टेकडीवर त्यांच्या चर्चचे अवशेष अजून आहेत. १९७० मध्ये पोप पॉल सहावे यांनी तिला चर्चची आचार्य ठरवलं. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री.

तिच्या मठांत रक्ताची चौकशी मात्र फार काळ टळली नाही. सोळावं शतक संपायच्या आतच तिच्या संघानं नियम केला: ज्यू किंवा मुसलमान वंशातल्या कोणाला घ्यायचं नाही.